रिकाम्या हातांनी कसं जायचं?

गोव्यात पर्वरीला हायकोर्टाच्या दारात माईची पिशवी तपासणीच्या मशिनीत गेली आणि पडद्यावर दोन काळे गोल उमटले. ड्युटीवरच्या पोलीस मुलीने पिशवी बाजूला घेतली, उघडायला लावली. आत कागदांची प्लास्टिकची फाईल, बीपीच्या गोळ्यांची पट्टी, घडी घातलेला टॉवेल आणि त्याखाली सोललेल्या नारळांची जोडी. शेंड्या नीट राखलेल्या, देवळात न्यायला राखतात तशा. ‘हे कित्याक?’ मुलीने विचारलं. माई सहज म्हणाली, ‘साहेबाक.’ कोणता साहेब, असा प्रश्न त्या मुलीच्या चेहऱ्यावर आला, मग हसू आलं, ते तिने आवरलं. मी माईला बाजूला ओढून हळू आवाजात सांगितलं, इथे असं काही चालत नाही, उलट अंगाशी येईल. तिला ते पटलं नाही. ‘साहेबाकडे रिकाम्या हातान कशें वचपाचें?’ असं तिने इतक्या साध्या आवाजात विचारलं की मला चटकन उत्तर सुचेना. नारळ दारातच ठेवून आम्ही आत गेलो. दिवसभर जे काही घडलं ते घडलं, पण मला आठवत राहिला तो प्रश्न.

कारण तो प्रश्न काही वेडगळ नव्हता. आमच्या पेडण्यात कोणाकडे काम घेऊन जायचं तर हातात काहीतरी असतंच. पंचायतीच्या सेक्रेटरीला वेलावरचं पडवळ, मामलेदार कचेरीतल्या ओळखीच्या माणसाला मे महिन्यात चार मानकुराद आंबे, तलाठ्याला वर्षाची सोलां, म्हणजे आमसुलं. ह्याला लाच म्हटलं तर देणारा दुखावेल आणि घेणारा चिडेल. नोकरीत असताना माझ्याही टेबलावर कोणी ना कोणी भेंडीची जुडी ठेवून जायचं. मी एका खात्यात एलडीसी म्हणजे कनिष्ठ कारकून म्हणून लागले आणि यूडीसी म्हणजे वरिष्ठ कारकून म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने दुनिया कशी दिसते ते मला ठाऊक आहे. समोरचा माणूस हक्काचं मागतोय की मेहरबानी, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. म्हणून तो दोन्हीची तयारी करून येतो. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात नारळ.

माई माझी शेजारीण. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कांदोळीच्या एका हॉटेलात कामाला, तिकडेच खोली घेऊन राहतो. मुलगी बांद्याला दिलेली. तिला सरकारची दरमहा मदत मिळायची. दयानंदची, गृह आधारची, कलाकारांची, अशा इथे घरटी एक तरी योजना असते. माईची कोणती आणि कोणत्या खात्याची ते मी मुद्दामच लिहीत नाही. आमच्याकडे त्या सगळ्यांनाच सरसकट ‘पेन्शन’ म्हणतात. दर महिन्याला माई बँकेत जाऊन पासबुक छापून आणायची आणि संध्याकाळी माझ्याकडे दाखवायला यायची, आलेली ओळ बोटाने दाखवत. मागच्या वर्षी एका महिन्यात ओळ आली नाही. दुसऱ्या महिन्यात नाही. तिसऱ्या महिन्यात तिने मशिनीत पासबुक दोनदा घातलं, म्हणजे मशीन विसरली असेल तर तिला आठवावं. मशिनीने कोऱ्या जागेखाली बॅलन्स तेवढा पुन्हा छापला.

कचेरीत चौकशी केल्यावर एक पत्र हाती पडलं. इंग्रजीत, एका वाक्याचं. दिलेल्या पत्त्यावर लाभार्थी राहत नसल्याचं पाहणीत आढळल्यामुळे मदत थांबवण्यात आली आहे. झालं होतं असं की माईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यांत थेंब घालायला घरात कोणी नाही म्हणून लेक तिला बांद्याला घेऊन गेली. तेवढ्या काळात पाहणीवाला आला. दाराला कुलूप. शेजारी विचारलं असेल तर मला नाही विचारलं. मी त्या दिवशी घरी होते की म्हापशाच्या बाजाराला, आता सांगता येणार नाही. बांदा म्हणजे पत्रादेवीचा नाका ओलांडला की पलीकडे, महाराष्ट्रात. आमच्या निम्म्या गावाच्या सोयरिकी तिकडच्या. जत्रेला माणसं इकडून तिकडे जातात, बाळंतपणाला तिकडून इकडे येतात, आणि हद्द कुठे लागते ते फक्त दारूच्या दुकानांवरून कळतं. पण कागदावर ती हद्द पक्की असते. माईचं म्हणणं एकच: ‘धुवेगेर रावलें म्हणून घर सोडलें जाता?’ लेकीकडे राहिले म्हणून घर सोडलं असं होतं का?

त्या पाहणीवाल्यावर मला फार राग धरता येत नाही. मला ठाऊक आहे हे कसं चालतं. वरून यादी येते. मेलेल्यांच्या नावे पैसे जातात, सुस्थितीतले लोक लाटतात, अशी ओरड होते आणि त्यात तथ्यही असतं. मग एका महिन्यात सगळी यादी तपासून द्या असा हुकूम निघतो. माणसं कमी, गावं लांब, पावसाचे दिवस. फॉर्मवर एक रकाना असतो, त्यात खूण करायची. तो फॉर्म हिरव्या नोटशीटला टाचला जातो, खालचा लिहितो ‘सादर’, मधला सही करतो, वरचा सही करतो, आणि त्या सह्यांमध्ये कोणाच्याही मनात वाईट नसतं. तीन सह्या होतात आणि एका घराचं गॅस सिलिंडर लांबणीवर पडतं. कोणी ठरवलं असं विचाराल तर कोणीच ठरवलेलं नसतं. मला खटकतं ते एवढंच, की पैसे थांबवायच्या आधी माईला एक साधं पत्र पाठवून ‘तुम्ही कुठे होता?’ असं विचारायला पाच रुपयांचं तिकीट लागलं असतं.

आम्ही अर्ज केले. सरपंचाचा दाखला, रेशनकार्ड, लाईटचं बिल, मतदार यादीतलं पान, डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद. प्रत्येक अर्जावर इनवर्डचा, म्हणजे अर्ज पोचल्याचा, शिक्का मारून घेतला, ही माझी जुनी खोड. उत्तर आलं नाही. माईने तिच्या बाजूने आमदारांच्या माणसाला गाठलं, तो ‘बघूया’ म्हणाला. गावात कोणीतरी तिला सांगितलं की अमक्याची अशीच बंद झाली होती, एक फोन गेला आणि चालू झाली. ते खरंही असेल. तिच्या डोळ्यांपुढे सरळ हिशोब होता: ज्याने दिली तो बंद करू शकतो, त्याचं मन वळवलं तर चालू होते. आणि तसं वाटणारच. मंजुरीची पत्रं इथे पोस्टाने येण्यापेक्षा मंडपात वाटली जातात, हार-तुरे होतात, फोटो निघतो. फोटोत माईही आहे, पत्र छातीशी धरून, पापणी मिटलेली.

कोर्टाचं सुचवलं ते माझ्या भाच्याने. माई घाबरली, कारण कोर्ट म्हणजे कूळ-मुंडकाराची, जमीन कोणाची नि त्यावरचं घर कोणाचं ह्याची भांडणं, जन्म जातो, असं तिने आयुष्यभर पाहिलेलं. मग तालुक्याच्या विधी सेवा समितीतून कळलं की १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती हेही बघत नाहीत. हायकोर्टाच्या समितीने दिलेली वकील डिचोलीची, वयाने माझ्या भाचीएवढी. कागद चाळताना तिने पहिला प्रश्न केला तो असा: ‘बंद करण्याआधी नोटीस दिली होती?’ माई नाही म्हणाली. वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, मग आपली केस उभी आहे. तुम्ही तिथे राहता की नाही, हा पुढचा मुद्दा.

मला ते तेव्हा उलटंच वाटलं. माई तिथे राहते हाच तर मुद्दा!

त्यांनी समजावून सांगितलं. घटनेच्या २२६ व्या कलमाखाली हायकोर्टात जायचं म्हणजे अपील नव्हे. न्यायाधीश माईच्या घरी येऊन चूल पेटते की नाही ते बघणार नाहीत. ते बघणार अधिकाऱ्याने निर्णय कसा घेतला ते. ऐकून घेतलं का, कारण दिलं का, स्वतःचं डोकं चालवलं की वरून आलेल्या यादीवर सही केली. ओरिसाच्या एका डॉक्टरबाईंचं जन्मसाल सरकारने परस्पर ठरवून त्यांना घरी बसवलं होतं, त्यात सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच सांगितलंय की निर्णय नुसता कचेरीतला असला तरी माणसाचं नुकसान होणार असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं. अमेरिकेतही १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या गरिबांच्या मदतीवरून हाच वाद त्यांच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि कोर्टाने सांगितलं की मदत तोडायची तर सुनावणी आधी घ्या, नंतर नव्हे; कारण ज्याचं पोटच त्या पैशांवर आहे तो नंतरच्या सुनावणीपर्यंत टिकणार कसा? हे ऐकून माई म्हणाली, थंय पसून असली कचेरी आसा? तिला त्यातच जरा धीर आला.

तारखेच्या दिवशी कदंबाच्या सरकारी बसने म्हापसा, तिथून दुसरी बस. पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामाची धूळ खिडकीतून आत. मी नोकरीत असताना हायकोर्टात फाईल पोचवायला जायचे ते पणजीला आल्तिनोवर, जुन्या लिसेवच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेच्या, इमारतीत; उंच छत, गार फरशी, बाहेर झाडांची सावली. २०२१ मध्ये सगळं पर्वरीच्या नव्या इमारतीत आलं. इथे काच आहे, लिफ्ट आहे, आणि माईसारखीला कुठे बसायचं ते कळत नाही इतकी जागा आहे. ती पूर्ण वेळ खुर्चीच्या कडेला बसून राहिली, फाईल मांडीवर, पायांत चपला घालाव्यात की काढाव्यात ह्या विवंचनेत.

सरकारचं प्रतिज्ञापत्र आलं होतं. त्यात पत्त्याचा उल्लेख उरकून टाकला होता आणि नवीनच मुद्दा काढला होता: मुलगा नोकरीला आहे, सबब कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेबाहेर. मला ते वाचून धक्का बसला नाही, कारण कचेरीत हे सर्रास चालतं. आधी निर्णय, मग कारण, आणि ते टिकलं नाही तर दुसरं कारण. वकीलबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी १९५१ सालच्या एका मुंबईच्या निकालाचं नाव घेतलं. अंधेरीत कोणा एकाला सिनेमागृह बांधायची परवानगी मिळाली होती, ती पोलीस आयुक्तांच्या सहीने रद्द झाली. पुढे प्रश्न आला की ती आयुक्तांनी रद्द केली की सरकारने त्यांच्याकडून करवली. सुप्रीम कोर्टाने तेव्हा सांगितलं की जाहीर हुकूम त्यात लिहिलेल्या शब्दांवरूनच वाचायचा, अधिकारी मागाहून काय सांगतो त्यावरून नाही. आणि कायद्याने ज्याला ठरवायला बसवलंय त्याने स्वतः ठरवायचं. पुढे १९७७ च्या निवडणुकीतल्या फिरोजपूरच्या खटल्यात तेच पुन्हा आलं. पंचाहत्तर वर्षं होत आली त्या अंधेरीच्या थिएटरला, आणि पेडण्यातल्या एका म्हातारीच्या पासबुकाला ते उपयोगी पडत होतं. ज्येष्ठ न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना एकच विचारलं: पत्रात एक कारण आणि इथे दुसरं, तुमचं नेमकं म्हणणं कोणतं? सरकारी वकील म्हणाले, सूचना घेऊन सांगतो. तेवढ्यात माईने माझा हात दाबला. तिला इंग्रजी कळलं नव्हतं, पण समोरचा गडबडला आहे हे कळलं होतं.

मग न्यायाधीशांनी हुकूम सांगायला सुरुवात केली, टंकलेखक लिहून घेत होता. ‘रूल. रूल मेड रिटर्नेबल फोर्थविथ.’ म्हणजे याचिका दाखल करून घेतली आणि निकालही लगेच. पत्र रद्द. माईला बोलावून तिचं म्हणणं ऐकावं, कागद बघावेत आणि आठ आठवड्यांत कारणांसहित नवा निर्णय द्यावा. दोन्ही बाजूंचे मुद्दे खुले ठेवले आहेत. पुढची केस पुकारली गेली.

पैसे चालू करा, असं कोर्ट म्हणालं नाही.

बाहेर आल्यावर हे माईला सांगणं मला जड गेलं. ‘म्हणजे परत तांकांच विचारपाचें?’ ती म्हणाली. ज्यांनी बंद केली त्यांच्याकडेच परत. मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, कोर्टाने स्वतः निर्णय द्यायला लागलं तर कचेऱ्या हव्यात कशाला? आणि मग त्यांनी आणखी एका सिनेमागृहाची गोष्ट सांगितली, ही विलायतेतली. वेन्सबरी नावाच्या गावात नगरपालिकेने रविवारच्या खेळाला पंधरा वर्षांखालच्या मुलांना बंदी घातली, थिएटरवाले भांडायला गेले, आणि १९४७ मध्ये कोर्टाने सांगितलं की आम्हाला काय योग्य वाटतं हा प्रश्नच नाही; निर्णय अगदीच शहाण्या माणसाला न शोभणारा असेल तरच आम्ही हात घालू. कायद्याच्या पुस्तकात सिनेमावाल्यांनी एवढी जागा का अडवून ठेवली आहे, देव जाणे. मला हे तर्काने पटतं. पण आठ आठवडे म्हणजे माईच्या गोळ्यांच्या दोन खेपा, आणि तर्क औषधाच्या दुकानात चालत नाही. कोर्ट सरकारला शिस्त लावतं, त्या शिस्तीचा खर्च मात्र बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून जातो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. दारात ठेवलेले नारळ वकीलबाईंनी हसून घेतले. फुकट वकिलाला फी घेता येत नाही. नारळ कोणत्या नियमात बसतात ते त्यांनाच ठाऊक.

माझीही पेन्शन आहे. दर महिन्याला येते आणि तिच्यासाठी मी कोणाला पडवळ दिलेलं नाही. १७ डिसेंबरला आम्ही निवृत्त लोक पेन्शनर दिवस साजरा करतो, चहा-भजी होते, भाषणं होतात, कारण १९८२ मध्ये त्या तारखेला नकारा खटल्याचा निकाल लागला. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शनमधून वगळलं होतं; संरक्षण खात्यातले डी. एस. नकारा त्याविरुद्ध उभे राहिले आणि पाच न्यायाधीशांनी सांगितलं की पेन्शन म्हणजे मालकाच्या मर्जीची खैरात नव्हे, तो हक्क आहे. त्याच्या दीड-पावणेदोन महिने आधी, ३० ऑक्टोबरला, गोव्यात मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसलं होतं. आमच्या समारंभात हे सगळं ऐकून मी कितीदा टाळ्या वाजवल्या आहेत. माईला तो निकाल तसाच्या तसा लागू होत नाही, हेही मला वकीलबाईंनी सांगितलं. माझी पेन्शन केलेल्या नोकरीची आहे. तिची एका योजनेची. योजना सरकार उद्या बदलू शकतं, अटी वाढवू शकतं. पण योजना आहे तोवर तिच्या अटी सगळ्यांना सारख्या लागू व्हायला हव्यात आणि अटीत बसणाऱ्याला न विचारता काढता येत नाही, इतकाच तिचा हक्क. मला हा फरक कायद्यात कळतो. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या काजूबागा झाडल्या आणि घरात सासूची सेवा केली त्या बाईची नोकरी कोणत्या सर्व्हिस बुकात लिहायची, हे मात्र कळत नाही.

सुनावणीला मी बरोबर गेले. मला वाटलं होतं पाच मिनिटांत उरकतील. पण समोरची अधिकारी तरुण होती आणि कोर्टाचा हुकूम तिने नीट वाचलेला दिसत होता. मुख्य ओळींखाली पेन्सिलीने रेघा होत्या. तिने कोकणीत विचारलं, तुम्ही त्या दिवसांत कुठे होता ते सांगा. आणि माईने सांगायला सुरुवात केली. डोळ्याला जाळी कशी आली, तुळशीकडची वात दोन दिसायला लागली, जावयाने रिक्षा कशी आणली, बांद्याच्या घरात उंबरठा उंच आहे, नातीने मोबाईलमध्ये गजर लावून थेंब कसे घातले, परत आल्यावर परसातली अबोली वाळून गेली होती. मी मध्येच तिचा पदर ओढला, मुद्द्याचं बोल म्हणून. अधिकाऱ्याने मला हाताने थांबवलं. मग मुलाबद्दल विचारलं: किती पाठवतो? माई क्षणभर गप्प झाली. मुलगा पाठवत नाही हे परक्यासमोर बोलणं तिला पेन्शन गेल्यापेक्षा अवघड होतं. ‘चवथीक येता,’ एवढंच ती म्हणाली. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं, आणि मुलगा वेगळा राहतो ह्याचा पंचायतीचा दाखला जोडायला सांगितलं. बसमध्ये माईने मला तीनदा विचारलं: तिणें सगळें बरोवन घेतलें न्ही?

निर्णय मुदतीत आला. दोन पानी, कारणांसहित. लाभार्थी दिलेल्या पत्त्यावर राहते, उपचारासाठी तात्पुरती बाहेर होती, मुलाचं कुटुंब स्वतंत्र, पात्र. त्या महिन्यापासून पासबुकात ओळ येऊ लागली. मात्र मधल्या, बंद पडलेल्या महिन्यांबद्दल दोन पानांत एक शब्द नाही. ‘होय’ही नाही, ‘नाही’ही नाही. माझ्या अनुभवाने सांगते, हे विसरून राहिलेलं नसतं. थकबाकी लिहायची तर वित्त खात्याकडे फाईल पाठवावी लागते, आणि ती पाठवायची इच्छा कोणाला नसते.

मी अर्ज लिहिला: पत्रच कोर्टाने रद्द केलं तर ते महिने कोणत्या आधारावर बुडाले, ते लेखी कळवावं. वकीलबाई म्हणाल्या, उत्तर येऊ दे, नाही आलं तर पुन्हा याचिका. माईने अर्जावर सही केली, इनवर्डचा शिक्का स्वतः उभं राहून मारून घेतला, आणि त्याच दुपारी आमदारांच्या माणसाकडेही जाऊन आली. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा मी चिडले. एवढं सगळं केलं, कोर्टापर्यंत गेलो, आणि आता पुन्हा त्याच दारात? माई ओटीवर सुपारी कातरत होती. ‘सरकारी काम आसा,’ ती म्हणाली, ‘दोनूय वटांनी ओडपाक जाय.’ दोन्ही बाजूंनी ओढायला हवं. आणि त्याने काय सांगितलं असं मी न राहवून विचारलं, तर म्हणाली, अर्जाची झेरॉक्स मागितली आहे.